लिन्शोटेन खरंच हेर होता का? सोळाव्या शतकातल्या गोव्यातून माहिती बाहेर कशी जायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १५८०च्या दशकातल्या गोव्यावर कादंबरी लिहायला घेतली आहे. नायक डच, आर्चबिशपच्या पदरी कारकून, आतून मात्र हॉलंडचा हेर. नमुना म्हणून यान हाउखेन व्हान लिन्शोटेन डोळ्यांसमोर आहे. तो खरोखर हेर होता का, गोव्यातून गुप्त माहिती बाहेर कशी जायची, सांकेतिक लिपी आणि अदृश्य शाई वापरत होते का, आणि पकडला गेला तर माणसाचं काय व्हायचं?

मी बरीच वर्षं जुने पोर्तुगीज कागद वाचते, जास्त करून गोवा आणि लिस्बन यांच्यातला पत्रव्यवहार. त्यामुळे उत्तर कागदांच्या बाजूने देते. लिन्शोटेनला कोणीही हेर म्हणून पाठवलं नव्हतं. पण पोर्तुगिजांचं जेवढं नुकसान त्याने केलं तेवढं त्या शतकातल्या कुठल्याही पगारी हेराने केलं नाही. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी कशी, हे तुम्हाला उलगडलं तर कादंबरीतला नायक आपोआप उभा राहील. 'तो हेर होता का' यापेक्षा 'माहिती कोणत्या वाटेने, किती वेळात आणि कोणाच्या हातात गेली' हा प्रश्न तुम्हाला जास्त उपयोगी पडेल.

सोळाव्या शतकातल्या कागदात कोणाला 'हेर' म्हटलेलं दिसलं की मी आधी तीन गोष्टी शोधते: त्याला पाठवलं कोणी, पैसे कोणी दिले, आणि त्याने जमवलेली माहिती शेवटी कोणाच्या टेबलावर गेली. तिन्हींची उत्तरं मिळाली तर तो खरा हेर. उदाहरणार्थ लेओनार्दो दा का' मास्सेर. वास्को द गामा कालिकतला पोचल्यावर व्हेनिसच्या मिरीच्या व्यापाराचं धाबं दणाणलं होतं, तेव्हा १५०४ मध्ये व्हेनिसने याला व्यापारी म्हणून लिस्बनला धाडलं. संशयावरून तो कैदेतही पडला, तरी सुटल्यावर जहाजं किती, माल किती, नफा किती याचा सगळा तपशील त्याने आपल्या सरकारला लिहून दिला. इथे शंकेला जागा नाही. मात्र असे स्वच्छ मासले थोडे. बहुतेक माणसं अर्धी व्यापारी, अर्धी दूत, आणि गरज पडली तर बातमीदार असायची. त्यांना हेर ठरवायचं की नाही, हे पुष्कळदा त्यांना पकडणाऱ्यावर अवलंबून असे.

आता अंतराचा हिशेब. हा समजल्याशिवाय गोव्यातली हेरगिरी समजत नाही. लिस्बनहून जहाजं मार्च-एप्रिलमध्ये निघायची आणि सगळं सुरळीत झालं तर सप्टेंबर-ऑक्टोबरात मांडवीच्या मुखाशी यायची. पावसाळ्यात गोव्याचं बंदर बंद. परतीची जहाजं मिरी भरून डिसेंबर-जानेवारीत कोचीनहून किंवा गोव्याहून सुटायची आणि पुढच्या उन्हाळ्याच्या अखेरीस लिस्बनला लागायची. म्हणजे व्हाइसरॉयने प्रश्न विचारला आणि राजाचं उत्तर आलं, यात दीड वर्षाच्या वर काळ सहज जायचा. वाटेत जहाज बुडणं, लुटलं जाणं नेहमीचं. म्हणून महत्त्वाच्या पत्राच्या दोन-तीन प्रती करून वेगवेगळ्या जहाजांवर देत आणि प्रत्येकीवर पहिली व्हिया (म्हणजे वाट), दुसरी व्हिया असं लिहीत. गोव्याच्या पुराभिलेखागारातली 'मॉन्सून बुक्स' ही दफ्तरं अशाच, जहाजांबरोबर जाणाऱ्या-येणाऱ्या पत्रांची आहेत. असा कागद हातात आला की मी मजकुराआधी प्रत कितवी आहे, लिहिल्याची तारीख काय आणि पोचल्याची काय, हे बघते. बातमी पोचेपर्यंत खरी राहिली होती का, हे त्यावरून कळतं.

याची युरोपातल्या एका प्रसिद्ध प्रकरणाशी तुलना करून बघा. १५८६ मध्ये इंग्लंडमध्ये स्कॉटलंडची राणी मेरी चार्टलीच्या वाड्यात नजरकैदेत होती. तिची पत्रं बिअरच्या पिंपाच्या बुचात लपवून आत-बाहेर जात होती आणि ही वाट राणी एलिझाबेथच्या हेरखात्याचा प्रमुख वॉल्सिंगहॅम याच्या माणसांनीच तयार करून दिली होती. थॉमस फेलिप्स ती सांकेतिक पत्रं उलगडायचा आणि पुन्हा बंद करून पुढे पाठवायचा. एलिझाबेथला मारायच्या कटाचा म्होरक्या बॅबिंग्टन, त्याला मेरीने लिहिलेल्या पत्राखाली त्याने तिच्याच सांकेतिक लिपीत बनावट ताजा कलम घातला आणि कटातल्या सहा माणसांची नावं मागितली. हा डाव जमला, कारण पत्र काही दिवसांत इकडून तिकडे जात होतं. समोरचा काय करतो ते बघून पुढची चाल करता येत होती. गोव्यात असा डाव खेळायला दीड वर्ष थांबावं लागलं असतं, आणि तोवर कट रचणारे आणि पकडणारे दोघेही तापाने मरून गेले असते. पूर्वेकडची हेरगिरी म्हणून वेगळी. एखादा बेत हाणून पाडण्यापेक्षा तिथे फार काळ टिकणारी माहिती जमवण्याला किंमत होती: वारे, खडक, बंदरांची खोली, किल्ल्यात माणसं किती, कोणता सुलतान कोणावर नाराज आहे.

याच माहितीवर पोर्तुगिजांनी पहारा बसवला होता. लिस्बनच्या 'कासा दा इंडिया'मध्ये, म्हणजे पूर्वेकडच्या व्यापाराच्या सरकारी कचेरीत, एक अधिकृत मूळ नकाशा असायचा. परतणारे नावाडी नवं काही बघून आले की ते त्यावर चढवलं जायचं. १५०४ मध्ये राजा मॅन्युएलने नकाशांवर निर्बंध घातले. त्याआधीच, १५०१ मध्ये, व्हेनिसच्या एका पत्रात तक्रार आहे की या सफरीचा नकाशा मिळणं अशक्य, कारण तो बाहेर देणाऱ्याला राजाने देहदंड ठेवला आहे. आणि तरीही १५०२ मध्ये फेराराच्या ड्यूकचा माणूस अल्बेर्तो कान्तिनो याने बारा सोन्याच्या दुकातींना असा एक नकाशा मिळवून इटलीत पोचवला. आज तो मोदेनाच्या एस्तेन्से ग्रंथालयात आहे. मधल्या काळात तो हरवला होता आणि एकोणिसाव्या शतकात एका खाटकाच्या दुकानात सापडला. देहदंडाची धमकी आणि बारा दुकाती यांतलं काय वरचढ ठरलं, ते तुमच्या समोर आहे.

गुपित राखणं पोर्तुगिजांना जड का जात होतं? माणसं कमी होती म्हणून. लिस्बनपासून मकावपर्यंत पसरलेलं राज्य चालवायला पोर्तुगालमध्ये पुरेशी माणसंच नव्हती. गोलंदाज फ्लेमिश आणि जर्मन, जवाहिरे व्हेनिसचे, भांडवल ऑग्सबुर्गच्या फुग्गर आणि वेल्सर या सावकार घराण्यांचं, दुभाषे आणि करवसुली करणारे इथले. परक्यांना बाहेर ठेवावं तर जहाज हलत नाही, आत घ्यावं तर माहिती बाहेर जाते. लिन्शोटेनने गोव्याच्या मुख्य रस्त्यावरच्या रोजच्या लिलावाचं वर्णन केलं आहे. रविवार आणि सणवार सोडून रोज सकाळी सात ते नऊ तिथे सगळ्या देशांचे व्यापारी जमायचे. अरबी घोडे, मसाले, जडजवाहीर, गुलाम, मेलेल्या माणसांची मालमत्ता, सगळं तिथे विकायला यायचं. अशा जागी दोन तास कान उघडे ठेवून उभ्या राहणाऱ्या माणसाला कुलूप फोडायची गरज पडत नाही. कोणता कप्तान मेला, कोणतं जहाज आलं नाही, इराणच्या आखाताच्या तोंडावरच्या होर्मुझहून घोडे का आले नाहीत, हे भावावरूनच कळतं.

इथल्या सत्ताही या बाबतीत कमी नव्हत्या, आणि कादंबरीत ही बाजू जरूर आणा. १४९८ मध्ये परतीच्या वाटेवर वास्को द गामा कारवारजवळच्या अंजदीव बेटावर थांबला होता. तिथे चाळिशीचा एक गृहस्थ आला आणि चांगल्या इटालियनमध्ये बोलायला लागला. मी पश्चिमेकडचा ख्रिस्ती, लहानपणी इकडे आलो, गोव्याच्या सरदाराच्या पदरी आहे, तुमची बातमी कळली म्हणून भेटायला आलो. पोर्तुगिजांना संशय आला. फटके मारल्यावर तो हळूहळू खरं बोलायला लागला: गोव्याच्या मालकाने जहाजांचा अंदाज घ्यायला पाठवलं होतं, हल्ल्याची तयारी चालू होती. तो यहुदी होता. त्याला लिस्बनला नेऊन बाप्तिस्मा दिला, नाव ठेवलं गास्पार द गामा, आणि १५०० मध्ये काब्रालच्या आरमारावर तो दुभाषा म्हणून परत हिंदुस्थानात आला. ज्याने पकडलं त्याच्याच उपयोगाला आला. हा प्रकार त्या काळात इतका सर्रास होतो की मला त्यात फितुरीपेक्षा व्यवहार दिसतो. भाषा येणारा माणूस मारून टाकणं कोणालाच परवडत नव्हतं.

पोर्तुगिजांना गोवा मिळाला तोही बातमीच्या जोरावर. १५१० मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क तांबड्या समुद्राकडे निघाला होता. होनावरच्या तिमोजाने त्याला सांगितलं की गोव्यात आदिलशाही फौज थोडी आहे आणि लोक नाराज आहेत, आत्ता चाल करा. तिमोजाचे स्वतःचे हेतू होतेच. बातमी देणाऱ्याला त्यातून काय हवं आहे, हा प्रश्न प्रत्येक बातमीला विचारायचा असतो, आणि अल्बुकर्कने तो विचारूनही चाल केली. गोवा घेतला, काही महिन्यांत गमावला आणि २५ नोव्हेंबर १५१० ला पुन्हा घेतला.

१५७०–७१ चा वेढा तर माहितीयुद्धाचा धडा आहे. पहिला अली आदिलशहा गोव्यावर आणि मुर्तझा निजामशहा चौलवर एकाच वेळी चालून आले. व्हाइसरॉय लुईश द अताईद याने पैसे पेरून आदिलशहाच्या छावणीतून, थेट जनान्यातूनही बातम्या मिळवल्या, असं पोर्तुगीज इतिहासकार सांगतात. जनान्याची गोष्ट मी थोडी जपून घेते, कारण विजयी बाजूला अशा कहाण्या आवडतात. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो त्याचा दुसरा निर्णय. वेढा चालू असताना माणसांची नितांत गरज होती, तरी मिरीची जहाजं त्याने नेहमीसारखी पोर्तुगालला रवाना केली. शत्रूला, होर्मुझपासून मलाक्कापर्यंतच्या सगळ्या बंदरांना आणि लिस्बनलाही त्यातून एकच निरोप गेला: इथे सगळं ठीक चाललं आहे.

आता तुमच्या कादंबरीच्या अगदी जवळचं प्रकरण. हे नीट वाचा, कारण 'पकडला गेला तर काय' याचं उत्तर यात आहे.

१५८३ च्या सुरुवातीला जॉन न्यूबेरी, राल्फ फिच, जवाहिऱ्या विल्यम लीड्स आणि चित्रकार जेम्स स्टोरी हे इंग्रज लंडनहून निघाले. अलेप्पो, बगदाद, बसरा करत होर्मुझला पोचले. न्यूबेरीजवळ राणी एलिझाबेथची अकबराच्या आणि चीनच्या बादशहाच्या नावाची पत्रं होती. होर्मुझमध्ये मिकेले स्त्रोपेने नावाचा व्हेनिसचा व्यापारी होता. इंग्रज इथे आले तर आपला धंदा बसेल, हे त्याला दिसलं. त्याने किल्लेदाराकडे चहाडी केली की हे दोम आंतोनिओचे हेर आहेत. हा आरोप फार विचारपूर्वक निवडलेला होता. १५८० पासून पोर्तुगालच्या गादीवर स्पेनचा फिलिप होता आणि दोम आंतोनिओ हा गादीचा दुसरा दावेदार इंग्लंड-फ्रान्सच्या आधारावर लढत होता. 'हे व्यापारी आहेत, मला नको आहेत' असं म्हटलं असतं तर कोणी हललं नसतं. 'आंतोनिओचे हेर' म्हटल्यावर किल्लेदार मातिआस द अल्बुकर्क याला त्यांना धरावंच लागलं. त्याने त्यांची रवानगी गोव्याला केली आणि नोव्हेंबरच्या अखेरीस ते गोव्याच्या तुरुंगात पडले.

चौकशीत काय विचारलं गेलं? फ्रान्सिस ड्रेकने १५७९ मध्ये मोलुक्का बेटांपाशी पोर्तुगीज गलबतावर तोफा डागल्या होत्या, त्याचा जाब. चार वर्षांपूर्वीची, हजारो मैलांवरची घटना गोव्यातल्या अधिकाऱ्याच्या डोक्यात ताजी होती. माहिती सावकाश पोचते, पण पोचली की विसरली जात नाही.

आणि सुटका कशी झाली ते बघा. लिन्शोटेनने आपल्या धन्याकडे, म्हणजे आर्चबिशप व्हिसेंते द फोन्सेकाकडे, रदबदली केली. दुसरा मदतीला आला तो गोव्यातला एक इंग्रज जेझुइट, फादर थॉमस स्टीफन्स. होय, तेच, पुढे मराठीत 'ख्रिस्तपुराण' लिहिणारे. जामिनावर चौघे बाहेर आले. स्टोरीने जेझुइटांच्या आश्रयाला जाऊन चित्रं रंगवायला घेतली, बाकीचे तिघे गोव्यातच दुकान मांडून बसले. पण जामिनाची रक्कम परत मागायला गेले तेव्हा व्हाइसरॉयने सुनावलं की लवकरच तुमची आणखी कसून तपासणी होईल. लिस्बनला पाठवतील, तिथे हालहाल करतील, ही भीती त्यांना वाटली. एप्रिल १५८४ मध्ये तिघे नदी ओलांडून आदिलशाही मुलखात पळाले. बेळगावच्या जवाहिरांच्या बाजाराचं वर्णन फिचने केलं आहे. तिथून विजापूर, गोवळकोंडा, मग बुऱ्हाणपूर, उज्जैन करत आग्रा-फत्तेपूर. लीड्स अकबराच्या पदरी राहिला. न्यूबेरी खुष्कीच्या वाटेने परत निघाला, त्याचा पुढे पत्ता लागला नाही. फिच बंगाल, पेगू, मलाक्का फिरून १५९१ मध्ये लंडनला पोचला आणि पुढे ईस्ट इंडिया कंपनी स्थापन होताना तिने त्याचा सल्ला घेतला.

यांना हेर म्हणायचं का? पाठवणारे व्यापारी, पत्रं राणीची, आणि माहिती अखेर इंग्रज कंपनीच्या कामी आली. गोव्याच्या अधिकाऱ्यांचा संशय आरोपाच्या तपशिलात खोटा होता, पण दिशेत बरोबर होता. तुमच्या कादंबरीतल्या चौकशी अधिकाऱ्याला मूर्ख करू नका, एवढ्यासाठी हे सांगितलं.

स्टीफन्स यांच्याविषयी आणखी थोडं, कारण मराठी वाचकाला हे ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं. ऑक्टोबर १५७९ मध्ये ते गोव्यात उतरले आणि १० नोव्हेंबरला त्यांनी लंडनमधल्या वडिलांना पत्र लिहिलं. मुलगा सुखरूप पोचला, हे सांगणारं साधं घरगुती पत्र. पण त्यात लिस्बनहून सुटण्याची तारीख आहे, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपपाशी, काय होतं ते आहे, जमीन जवळ आल्याची खूण म्हणून दिसणारे पक्षी आहेत, आणि पूर्व-पश्चिम अंतर मोजायला नावाड्यांना कसलाही पक्का आधार नाही, ही अडचणही आहे. हे पत्र लंडनमध्ये हातोहात फिरलं आणि १५८९ मध्ये प्रवासवर्णनांचा संग्राहक रिचर्ड हॅक्लुइट याने छापलं. स्टीफन्स यांच्या मनात हेरगिरीचा विचारही नव्हता. चाळीस वर्षं ते इथेच राहिले, इथली भाषा त्यांनी जीव लावून शिकली आणि १६१६ मध्ये रायतूरला छापलेल्या त्या ग्रंथात मराठीचं जे कौतुक केलं ते आजही लोकांना तोंडपाठ आहे. तरी त्यांच्या पत्राने केलं ते काम एखाद्या बातमीदाराच्या अहवालाचंच. पाठवणाऱ्याच्या हेतूवर बातमीचा परिणाम ठरत नाही, याचा इतका निर्मळ पुरावा मला दुसरा माहीत नाही.

आता लिन्शोटेन. हार्लेमला जन्म, एन्खाउझेनमध्ये वाढलेला. सोळा-सतराव्या वर्षी स्पेनला गेला, मग लिस्बनला. १५८३ च्या एप्रिलमध्ये नव्या आर्चबिशपच्या पदरी कारकून म्हणून जहाजावर चढला आणि सप्टेंबरात गोव्यात उतरला. पाच वर्षं तिथे राहिला. त्याला पाठवणारा कोणी नाही, पैसे देणारा आर्चबिशप, तेही कारकुनीचे, म्हणजे माझ्या तीन प्रश्नांपैकी दोनांना उत्तर नाही. १५८३ मध्ये हॉलंडला पूर्वेकडे आरमार पाठवण्याचा बेतही नव्हता. बेतच नाही तर त्यासाठी हेर कुठला? पण तो विलक्षण जिज्ञासू होता आणि हाताला लिहायची सवय होती. झाडं, फळं, नाणी, वजनं, लग्नाच्या चाली आणि आजार यांच्याबरोबरच त्याने नावाड्यांच्या मार्गदर्शिकांचा मजकूर जमवला: लिस्बनहून गोवा, गोव्याहून मलाक्का, तिथून चीन आणि जपानचा किनारा, कुठे किती खोली, कुठून कोणती खूण दिसते. त्याच्याच गावचा डिर्क गेरित्झ पॉम्प हा गोलंदाज चीन-जपानकडे जाऊन आला होता, त्याच्याकडून तिकडची माहिती मिळाली. १५८७ मध्ये आर्चबिशप पोर्तुगालला जाताना वाटेत वारला. आधार गेला तसा लिन्शोटेन घरी जायला निघाला, आणि जानेवारी १५८९ मध्ये कोचीनहून मिरीच्या जहाजावर चढला. हाती काम होतं मिरीच्या हिशेबाचं. कोणी त्याची पेटी उघडून बघितली नाही. बघितली असती तरी कारकुनाच्या पेटीत कागद असणारच.

१५९२ मध्ये तो घरी पोचला तेव्हा हॉलंड बदललं होतं. लिस्बनच्या बाजारातला मसाला डचांना अवघड झाला होता आणि ॲम्स्टरडॅमचे व्यापारी स्वतःच पूर्वेला जायच्या तयारीत होते. त्यांनी त्याच वर्षी कॉर्नेलिस डी हाउटमनला माहिती काढायला लिस्बनला धाडलं होतं. म्हणजे खरा हेर लिस्बनमध्ये बसला होता, आणि त्याला हवं होतं त्याहून जास्त एन्खाउझेनमध्ये एका कारकुनाच्या वह्यांत आयतं पडलं होतं. लिन्शोटेनचं नौकानयनाचं पुस्तक १५९५ मध्ये निघालं आणि त्याच वर्षी डी हाउटमनची चार जहाजं त्यातला मजकूर घेऊन निघाली. लिन्शोटेनचा एक सल्ला फार मोलाचा ठरला: मलाक्काची सामुद्रधुनी पोर्तुगिजांच्या ताब्यात आहे, तिच्या नादी लागू नका; जावाकडे पोर्तुगीज फारसे जात नाहीत, सुंदाच्या सामुद्रधुनीतून जा. १५९६ च्या जूनमध्ये ती जहाजं जावावरच्या बांटमला लागली. शत्रू कुठे बलवान आहे हे सगळेच सांगतात. तो कुठे नाही, हे याने सांगितलं.

त्याच्या पुस्तकाचा सगळ्यात मोठा घाव मात्र छपाईचा. कान्तिनोचा चोरलेला नकाशा एका ड्यूकच्या कपाटात गेला, तिथे तो पुन्हा गुपितच झाला. लिन्शोटेनचं प्रवासवर्णन १५९६ मध्ये ॲम्स्टरडॅमला निघालं, १५९८ मध्ये इंग्रजीत आलं. आता ही माहिती कोणालाही विकत मिळत होती. नव्वद वर्षं देहदंडाच्या धाकाने झाकलेली गोष्ट दुकानात आली. १६०० च्या अखेरीस इंग्रज कंपनी आणि १६०२ मध्ये डच कंपनी उभी राहिली, आणि १६४१ मध्ये मलाक्का डचांकडे गेलं. हे सगळं एका पुस्तकाने घडवलं असं मी म्हणणार नाही. भांडवल, जहाजबांधणी आणि स्पेनशी चाललेलं युद्ध ही कारणं होतीच. पण दार उघडण्याचं काम त्या पुस्तकाने केलं.

लुटीचीही भर पडली. १५९२ मध्ये इंग्रजांनी अटलांटिकमधल्या अझोरेस बेटांपाशी 'माद्रे द देउश' हे गोव्याहून परतणारं प्रचंड जहाज पकडलं. मिरी, लवंगा, कापड, जवाहीर यांच्याबरोबर त्यात एक पुस्तक मिळालं, मकावला १५९० मध्ये लॅटिनमध्ये छापलेलं, चीनविषयी माहिती देणारं. सुवासिक देवदाराच्या पेटीत, तलम कालिकती कापडाच्या जवळजवळ शंभर घड्यांत ते गुंडाळलेलं होतं, एखादं रत्न ठेवावं तसं. हॅक्लुइटने हे लिहून ठेवलं आहे. माहितीची किंमत त्या माणसांना किती कळत होती, हे मला अहवालांपेक्षा त्या कापडाच्या घड्यांवरून जास्त समजतं.

तेव्हा तुमच्या प्रश्नांची उत्तरं एकत्र सांगायची तर: लिन्शोटेन पाठवलेला हेर नव्हता; माहिती मुख्यतः नोकरीतल्या परक्यांकडून, घरगुती पत्रांतून आणि लुटलेल्या जहाजांतून गेली; सांकेतिक लिपी त्या काळी युरोपभर जोरात होती, व्हेनिसने १५०६ पासून जोव्हान्नी सोरो हा पगारी जाणकारच ठेवला होता, पण गोव्यातल्या एकट्या माणसाला तिचा उपयोग कमी, कारण सांकेतिक कागद सापडणं हाच गुन्ह्याचा पुरावा. अदृश्य शाईचं तेच, त्यात सहा-सात महिन्यांचा दमट समुद्रप्रवास. शिक्षा मात्र परिस्थितीवर अवलंबून. जामीन, रदबदली, धर्मांतर, नोकरी, पळून जाणं, हे सगळे रस्ते न्यूबेरीच्या चौकडीला एकाच वर्षात मिळाले. ज्याला कोणी वाली नाही, किंवा ज्याच्यावर पाखंडाचाही आरोप झाला, त्याचं कठीण. १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन बसलं होतं आणि उत्तरेकडचा माणूस म्हणजे लुथेरन असणार, हा संशय कायम असायचा.

कादंबरीसाठी माझ्या काही ठोस सूचना. नायकाला हेर ठेवायचाच असेल तर गोव्यात येताना ठेवू नका. पाच वर्षं रोज हिशेब लिहिता लिहिता, आपल्या हातात काय आलं आहे हे त्याला हळूहळू कळू दे. इतिहासाला धरून तेच बसतं, आणि माणूस म्हणूनही ते जास्त खरं वाटतं. त्याला इंग्रज कैद्यांना मदत करू दे, आणि त्यामागे दया होती की पुढचा विचार, हे वाचकाला ठरवू दे. लिलावाच्या रस्त्यावर त्याला वारंवार न्या. कोणत्याही प्रसंगात पत्राचं उत्तर पुढच्या महिन्यात आणू नका. फारच घाई असेल तर होर्मुझ-बसरा-अलेप्पो ही खुष्कीची वाट वापरा, १५२० च्या दशकाच्या अखेरीस आंतोनिओ तेन्रेइरो त्या वाळवंटातून सरकारी बातमी घेऊन पोर्तुगालला गेला होता. पावसाळ्यात कोणालाही समुद्रमार्गे गोव्यातून पळवू नका. पळायचं तर पोंड्याच्या बाजूने, होडीने नदी ओलांडून.

आणि परतीचा प्रवास दोन ओळींत उरकू नका. लिन्शोटेनचं जहाज सेंट हेलेनाला पाणी भरून अझोरेसला पोचलं तेव्हा इंग्रज जहाजं दबा धरून होती. तेरसेरा बेटावर मलाक्काहून आलेलं जहाज बुडालं, त्यातली मिरी काढायच्या कामात तो तिथे दोन वर्षं अडकला. वह्या पेटीत, बेट स्पेनच्या ताब्यात, घर समोर आणि जाता येत नाही. इंग्रजांचं 'रिव्हेंज' जहाज १५९१ मध्ये त्याच बेटांपाशी लढून पडलं तेव्हा तो तिथेच होता आणि त्याने त्याची हकिकत लिहून ठेवली. तुमच्या कादंबरीचा शेवटचा भाग मी त्या बेटावर घडवला असता.